गुरुशिष्यांचे नित्य संभाषण आणि इंग्रजी भाषा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या पालक व शिक्षक यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करावे, उपकारकर्त्यांचे आभार मानावेत आणि पुढील काळाविषयी चार शब्द बोलावेत, असा प्रघात आहे. यांपैकी पहिली दोन कर्तव्ये आमच्याहून योग्य अशा वक्त्यांनी पार पाडली आहेत. तिसरे आमच्या वाट्यास आले आहे. त्यासाठी आम्ही एखादा गहन धर्मशास्त्रीय विषय निवडू, अशी कित्येकांची अपेक्षा असेल. परंतु आम्ही आज अगदी लहान विषय हाती घेतला आहे. शाळेची पहिली घंटा झाल्यापासून सुटीची घंटा होईपर्यंत आपली मुले व त्यांचे शिक्षक एकमेकांशी काय बोलतात, आणि जी मुले इंग्रजी शिकत आहेत ती ही भाषा खरोखर बोलतात काय, एवढाच तो विषय होय.

विषय लहान दिसला, तरी तो तुमच्याच तोंडून आमच्याकडे आला आहे. मिस्सा आटोपून लोक अंगणात उभे राहिले म्हणजे पीकपाण्याच्या खालोखाल जो प्रश्न आम्हांस विचारला जातो तो हाच: “फादर, पोराले इंग्रजी कवा येईल?” ज्या आईने स्वतः शाळेचे तोंड पाहिले नाही, ती धान विकून मुलाची फी भरते आणि हा प्रश्न विचारते. तिला खरे उत्तर मिळाले पाहिजे. ते देण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

या वनप्रदेशात आपल्या ख्रिस्तसभेचे आणि शाळेचे नाते जुने आहे. १९६२ साली चांदा येथे सीरो-मलबार ख्रिस्तसभेचे स्वतंत्र धर्मक्षेत्र निर्माण झाले आणि १९७७ साली त्यास धर्मप्रांताचा पूर्ण दर्जा मिळाला. केरळातून आलेल्या कार्मेलाईट धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी येथे पाय ठेवला, तेव्हा त्यांस मराठीचा गंध नव्हता. त्यांनी ती बाजारात, दवाखान्यात, लोकांच्या ओसरीवर बसून, चुकत, हसे करून घेत आत्मसात केली. ज्यांनी आपल्या मुलांस इंग्रजी शिकविली, ते स्वतः आधी आपल्या लोकांचे विद्यार्थी झाले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिचा उपयोग होईल.

मुले कोणती भाषा घेऊन येतात

प्रथम आपली मुले शाळेत काय घेऊन येतात ते पाहू. चांदा जिल्ह्याचे नाव १९६४ साली चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. नकाशावर ही एक रेघ ओढली गेली; परंतु भाषांच्या रेघा त्याहून पुष्कळ अधिक आहेत. सिरोंच्याकडे प्राणहितेच्या काठी घरोघर तेलुगू चालते. भामरागड व एटापल्लीच्या अरण्यात माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, चामोर्शी व मुलचेरा भागातील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली ऐकू येते. बल्लारपूरच्या कागद कारखान्याभोवती आणि कोळशाच्या खाणींभोवती तर अर्धा हिंदुस्थान एकवटला आहे. उरलेल्यांची मराठी, तीही झाडीपट्टीची, पाठ्यपुस्तकातील नव्हे.

यावरून एक गोष्ट उघड होते. पुण्यामुंबईच्या मुलास इंग्रजी ही दुसरी भाषा असते. आपल्या कित्येक मुलांस मराठी हीच दुसरी, हिंदी तिसरी आणि इंग्रजी चौथी असते. तेव्हा सहा वर्षांचे माडिया लेकरू वर्गात मुकाट बसले, तर ते मंद आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. चार भाषांच्या वेशीवर ते एकटे उभे आहे. नव्या भाषेत पडलेले मूल आरंभी काही काळ बोलत नाही, केवळ ऐकते, असा अनुभव जगभरच्या शिक्षकांनी नोंदविला आहे. ते मौन म्हणजे पेरलेल्या बांधीतील मौन होय. वर काही दिसत नाही, तरी आत बी फुगत असते.

इंग्रजी हवी, पण कशासाठी?

इंग्रजीची निंदा करण्यासाठी आम्ही उभे नाही. इंग्रजी म्हणजे वाघिणीचे दूध, असे आपल्याकडे फार दिवसांपासून म्हणतात. आम्ही तर ताडोब्याच्या शेजारी राहतो. वाघीण कोणास म्हणतात हे आम्हांस सांगणे नलगे! परंतु त्याच ताडोब्यात मोहर्लीच्या दाराशी उभा असलेला गावचा तरुण परदेशी पाहुण्यास पाऊलखूण दाखवितो, तेव्हा दोन इंग्रजी वाक्यांनी त्याच्या घरची चूल पेटते. भारतीय संविधानाच्या ३४८ व्या अनुच्छेदान्वये सर्वोच्च न्यायालयाचे व सामान्यतः उच्च न्यायालयांचे कामकाज इंग्रजीत चालते. वैद्यक व अभियांत्रिकी यांचे बहुतेक ग्रंथ इंग्रजीत आहेत. जंगलाच्या हक्काचा दावा असो की परिचारिकेच्या नोकरीचा अर्ज असो, ज्यास ही भाषा येते त्यास दुसऱ्याच्या दाराशी ताटकळावे लागत नाही. म्हणून गरिबाच्या मुलास इंग्रजी आली पाहिजे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न एवढाच आहे की, ती यावी कशी? आमच्या आजोबांच्या पिढीने इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवरून शिकली. मराठी वाक्याचे इंग्रजी करावे, इंग्रजीचे मराठी करावे, ही ती पद्धत. तिने उत्तम लेखनिक निपजविले, यात शंका नाही. परंतु साहेब समोर उभा राहिला म्हणजे त्यांतील अनेकांची वाचा बसे. पुढे २००० साली महाराष्ट्र शासनाने मराठी शाळांतूनही पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू केली. गावोगाव इंग्रजी शाळाही निघाल्या. आमच्या विदर्भात तर अशी मौज आहे की, जेथे धर्मभगिनीचे कधी दर्शनही झाले नाही, अशा बालवाडीच्या पाटीवरही ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द दिमाखात झळकतो! पाटी इंग्रजी झाली, गणवेश इंग्रजी झाला, गळ्यात टायही आली. आता आत बसलेल्यांचे बोलणे इंग्रजी झाले काय, ते पाहू.

वर्गात काय ऐकू येते

कोणत्याही शाळेच्या व्हरांड्यात अर्धा तास उभे राहावे. ‘गुड मॉर्निंग, सर’ असा सामुदायिक गजर होतो. हजेरी चालते: ‘प्रेझेंट, सर.’ मग दारातून, ‘मे आय कम इन, सर?’ थोड्या वेळाने, ‘मे आय गो टू ड्रिंक वॉटर?’ शिक्षक पेन्सिल उंच धरून विचारतात, ‘व्हॉट इज धिस?’ चाळीस मुले एका सुरात उत्तर देतात, ‘इट इज अ पेन्सिल.’ शिक्षक म्हणतात, ‘गुड.’ पालक खिडकीतून हे ऐकतो आणि कृतार्थ होऊन घरी जातो.

यांतील एकही वाक्य चुकीचे नाही. परंतु क्षणभर विचार करा. मुलाच्या वाट्याला आलेली बहुतेक सर्व वाक्ये परवानगी मागण्याची आहेत, आणि उरलेली, जे शिक्षकास आधीच ठाऊक आहे ते त्यास पुन्हा सांगण्याची आहेत. पेन्सिल ही पेन्सिल आहे, हे शिक्षकास माहीत नव्हते काय? असा प्रश्न आपण बाजारात कोणास विचारला, तर लोक आपल्या प्रकृतीविषयी चिंता करतील.

याचा परिणाम काय होतो, त्याचे एक उदाहरण सांगतो. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. वसतिगृहात राहणारी आठ-नऊ वर्षांची एक मुलगी तीन दिवस वर्गात कान धरून बसे. त्या शाळेत इंग्रजीवाचून अन्य भाषा बोलल्यास दंड होता. मुलीस इंग्रजीची दहा-बारा वाक्ये पाठ होती. तिने तिन्ही दिवस त्यांतलेच एक वापरले: ‘मे आय गो आऊट?’ प्रत्येक वेळी तिला परवानगी मिळाली. ती बाहेर जाई, भिंतीशी उभी राही आणि परत येई. चौथ्या दिवशी कानातून पू आला, तेव्हा सर्वांस कळले. ‘माझा कान दुखतो’ हे वाक्य तिला तिच्या भाषेत येत होते, पण त्यास बंदी होती. ज्या भाषेस मुभा होती, तिच्यात ते कोणी शिकविले नव्हते. शिक्षक निर्दय नव्हते. त्यांनी तिला लगोलग दवाखान्यात नेले. परंतु बंधुभगिनींनो, ज्या भाषेत मुलाला आपले दुखणे सांगता येत नाही, ती भाषा त्यास आली असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

संवाद आणि संभाषण

आपल्या झाडीपट्टीस नाटकाचे वेड आहे. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या हिवाळ्यात रात्र-रात्र नाटके करतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, याचा आपणां सर्वांस अभिमान आहे. नाटकातील नटाचे भाषण घोटलेले असते. समोरचा काय बोलणार हे त्यास ठाऊक असते, आणि विसरल्यास पडद्याआडून सूचना मिळते. रंगभूमीवर हे शोभते. परंतु घरी आल्यावर तोच नट बायकोशी बोलतो, तेव्हा ती काय उत्तर देईल हे त्यास कोठे ठाऊक असते? पहिला तो संवाद, दुसरे ते संभाषण. आपल्या वर्गांत इंग्रजीचे संवाद पुष्कळ होतात; संभाषण क्वचितच होते.

शिक्षणशास्त्राच्या पंडितांनी याचे निरीक्षण केले आहे. १९७५ साली इंग्लंडातील सिंक्लेअर व कूल्टहार्ड या दोन भाषाभ्यासकांनी दाखवून दिले की, वर्गातील बोलणे बहुधा तीन पायऱ्यांनी चालते: शिक्षक विचारतो, मूल उत्तर देते, शिक्षक त्यावर शेरा मारतो. येथे तीन वेळा बोलणे होते, त्यात दोन वेळा शिक्षकाचे आणि एकदाच मुलाचे. तसेच मेरी बड रो नावाच्या अमेरिकन विदुषीने १९७०च्या दशकात मोजून पाहिले, तो प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद वाट पाहतात, असे आढळले. तेवढ्यात उत्तर न आल्यास ते दुसऱ्यास विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला, तर उत्तरे लांब होतात, गप्प बसणारी मुले बोलू लागतात आणि मुले स्वतः प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद म्हणजे किती? क्रुसाची खूण सावकाश करण्यास जितका वेळ लागतो, तितका. एवढीच भिक्षा आपले मूल शिक्षकाजवळ मागत आहे. ज्यास प्रश्न कानी पडल्यावर तो आधी मराठीत, मग माडियात नेऊन परत इंग्रजीत आणावयाचा आहे, त्यास एक सेकंद कसा पुरावा?

चुका कोठून येतात

मुले बोलू लागली म्हणजे चुका होणारच. परंतु त्या चुकांस कारणे असतात, आणि ती जाणणारा शिक्षक रागावत नाही. आपल्याकडे निरोप घेताना ‘जातो’ म्हणणे अशुभ. आपण ‘येतो’ म्हणतो. म्हणून शाळा सुटताना एखादा मुलगा ‘आय कम, सर’ म्हणून पळत सुटतो. तो मूर्ख नाही, सुसंस्कृत आहे! गोंडीत पुरुषासाठी एक सर्वनाम आणि स्त्री, पशू व वस्तू यांसाठी मिळून दुसरे असते. म्हणून गोंड मुलगा आपल्या आईस इंग्रजीत ‘इट’ म्हणाला, तर त्यात आईचा अनादर नाही. ती त्याच्या भाषेची घडण आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत केवढे अंतर आहे! ‘आम्ही जेवणार’ म्हटले की पाहुणा उपाशी राहिला, ‘आपण जेवू’ म्हटले की त्याचे पान मांडले. तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आहे. इंग्रजीत दोहोंस एकच ‘वुई’. ही उणीव भरून काढण्यास इंग्रज शब्दांची जुळणी वेगळी करतो, हे मुलास समजावून सांगावे लागते.

सर्वांत अवघड शब्द म्हणजे ‘यू’. आमचे मूल गुरुजींस ‘तुम्ही’ म्हणते, सवंगड्यास ‘तू’ म्हणते. इंग्रजीत दोघांसही ‘यू’! गुरुजींस तोंडावर ‘यू’ म्हणावयाचे त्याच्या जिवावर येते, म्हणून ते वाक्यच टाळते. त्याला सांगावे की, बाळा, इंग्रजीत आदर सर्वनामात नसतो. तो ‘सर’, ‘प्लीज’, ‘कुड यू’ अशा शब्दांत आणि आवाजाच्या सुरात असतो. एवढे कळले की त्याची भीड चेपते. उलट, आपल्या घरात पाण्याचा तांब्या हाती देणाऱ्यास कोणी आभार म्हणत नाही, कारण आपलेपणात आभार परके वाटतात. इंग्रजीत ‘थँक यू’ न म्हणणे उद्धटपणाचे ठरते. अशा रीतीने इंग्रजीचे नित्य संभाषण शिकविणे म्हणजे दुसऱ्या घराची रीत शिकविणे होय; आणि दुसऱ्याची रीत शिकण्यासाठी आपले घर मोडावे लागत नाही.

मातृभाषेवर दंड नको

येथे आम्ही दंडाच्या विषयास येतो. कित्येक ठिकाणी मराठी किंवा गोंडी बोलल्यास रुपया-दोन रुपये घेतात, गळ्यात पाटी अडकवितात. पालकही म्हणतात, “कठोर राहा, तरच येईल.” आमचे नम्र म्हणणे आहे की, हा मार्ग चुकीचा आहे, आणि केवळ दयेच्या दृष्टीने नव्हे, तर इंग्रजीच्याच दृष्टीने चुकीचा आहे. दंडाने मूल इंग्रजी बोलू लागत नाही. ते बोलणेच सोडून देते.

कॅनडातील पंडित जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला एक सिद्धांत पालकांनी समजून घ्यावा. नव्या भाषेत रोजचे बोलणे जमण्यास मुलास साधारण दोन वर्षे लागतात. परंतु त्या भाषेत गणित, इतिहास, विज्ञान समजून घेण्यास पाच ते सात वर्षे लागतात. ही गणना जेथे रस्त्यावर, दुकानात, सर्वत्र इंग्रजी ऐकू येते अशा देशातील आहे. आपल्या मुलास वर्गाच्या भिंतीबाहेर इंग्रजी भेटत नाही. तेव्हा धीर धरावा. तसेच त्यांचे म्हणणे असे की, ज्या मुलाची स्वभाषा पक्की, त्याची दुसरी भाषाही पक्की होते, कारण विचार करण्याची शक्ती एकच असते. विहीर एक, पोहरे दोन. विहीरच बुजवली, तर नव्या पोहऱ्यात पाणी कोठून येणार?

भारतीय संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदात, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे १९५६ पासून लिहिलेले आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली. तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी शाळा काढली आणि तिच्या मान्यतेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. लोकांस आपली भाषा किती प्रिय असते, याचा हा दाखला आहे. जी भाषा टिकविण्यासाठी एक गाव न्यायालयाची पायरी चढते, त्या भाषेसाठी आपण लेकराकडून दोन रुपये दंड घ्यावा काय?

शिक्षक आधी विद्यार्थी व्हावा

आता कोणी विचारील की, मग शिक्षकाने करावे तरी काय? आमच्या मते पहिला उपाय म्हणजे शिक्षकाने आधी स्वतः विद्यार्थी व्हावे. याचे सर्वांत थोर उदाहरण आपल्या ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या उंबरठ्यावरच उभे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, बहुतांशी साष्टीच्या लोकांत राहिले. आज आपण इंग्रजीमागे धावतो. हा इंग्रज आपल्या भाषेमागे धावला. त्याने ती लोकांच्या तोंडून शिकली आणि १६१६ साली सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापविले. कोकणीचे व्याकरणही त्याने रचले, ते त्याच्या पश्चात १६४० साली छापून निघाले. त्याने लोकांस आपली भाषा शिकण्यास प्रथम भाग पाडले असते, तर यांतील एक ओवीही निपजली नसती.

आपल्याच अरण्यातील उदाहरण घ्या. १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे रोग्यांशी बोलता यावे म्हणून माडिया शिकून घेतली. शाळा १९७६ साली निघाली. आधी श्रवण, मग औषध, मग पाटी, हा तो क्रम. तसेच ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मुले गुरे चारावयास जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. मुलाच्या जगात शिक्षकाने पाऊल टाकले की, मूल शिक्षकाच्या जगात आपोआप येते.

काही व्यवहार्य सूचना

आम्ही शिक्षकांस पाच गोष्टी सुचवितो. यांस पैसा लागत नाही.

पहिली: मुलास प्रथम परवानगीची नव्हे, गरजेची वाक्ये शिकवावी. ‘माझे दुखते’, ‘मला भीती वाटते’, ‘पुन्हा सांगा’ आणि सर्वांहून मोलाचे, ‘आय डोंट अंडरस्टँड’. ज्या वर्गात मुले हे वाक्य निर्भयपणे बोलतात, तो वर्ग निम्मी लढाई जिंकला.

दुसरी: हजेरीच्या वेळी ‘प्रेझेंट, सर’ ऐवजी प्रत्येकाने एक खरे वाक्य बोलावे. चाळीस मुले आणि प्रत्येकास पाच सेकंद, म्हणजे साडेतीन मिनिटांहूनही थोडा कमी वेळ. आज वाटेत काय पाहिले? नाल्यास पाणी किती होते? घरी रोवणी झाली काय? मोहफुले वेचावयास कोण गेले? यांची उत्तरे शिक्षकास ठाऊक नसतात, म्हणून हे खरे प्रश्न होत.

तिसरी: चूक मध्येच तोडू नये, शुद्ध रूपाने परत उच्चारावी. मूल म्हणाले, ‘येस्टरडे माय काऊ गो फॉरेस्ट.’ शिक्षकाने म्हणावे, ‘ओ, युअर काऊ वेंट टू द फॉरेस्ट? डिड शी कम बॅक?’ चूक सुधारली, मुलाचा मान राहिला, आणि गाय परत आली की नाही हेही कळले!

चौथी: वर्ग मोठा असेल, तर मुलांच्या जोड्या लावून त्यांस एकमेकांशी बोलू द्यावे. गलबला होईल, होऊ द्यावा. भाषेच्या तासाला शांतता हे सुलक्षण नव्हे.

पाचवी: प्रत्येक शिक्षकाने आपल्या मुलांच्या घरच्या भाषेत किमान दहा वाक्ये शिकावी, आणि ती मुलांकडूनच शिकावी. गुरुजी ‘जोहार’ म्हणताना अडखळले आणि मुले हसली, की मुलांस कळते, अडखळणे हे पाप नव्हे.

पालकांस आमचे सांगणे याहून थोडके आहे. घरी मोडक्या इंग्रजीचा आग्रह धरू नका. ज्या भाषेत तुम्हांस गोष्ट सांगता येते, रागावता येते, प्रार्थना करता येते, तीच मुलास भरभरून द्या. संध्याकाळी ‘किती मार्क मिळाले’ असे न विचारता, ‘आज तू शाळेत काय विचारलेस?’ असे विचारा. आणि आपणांस इंग्रजी येत नाही म्हणून शाळेची पायरी चढण्यास लाजू नका. शिक्षकास तुमच्याशी तुमच्या भाषेत बोलता आले पाहिजे. ते त्याचे कर्तव्य आहे.

उपसंहार

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांच्या येशूची कथा आहे. मातापित्यांनी तीन दिवस शोध केला, तेव्हा तो यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसलेला सापडला. तो काय करीत होता? तो ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता. आणि ते गुरुजन? त्यांनी एका खेडवळ सुताराच्या मुलास प्रश्न विचारू दिले व त्याच्या उत्तरांचे नवल केले. त्या मुलाची बोली गालीलची होती. तीच बोली पुढे अंगणात शेकत बसलेल्या पेत्राच्या तोंडून ऐकून लोकांनी त्यास ओळखले. तरी मंदिरातील त्या गुरूंनी बोलीवरून त्या मुलास गप्प बसविले नाही, याची आम्हांस नेहमी धन्यता वाटते.

तेव्हा ज्या आईने आम्हांस प्रश्न विचारला, तिला आमचे उत्तर असे: माय, तुझ्या पोराला इंग्रजी येईल. ज्या दिवशी ते न भिता शिक्षकास स्वतःचा प्रश्न विचारील, त्या दिवशी ती यावयास लागली असे समज. तोवर त्याला तुझी भाषा पोटभर दे. शाळेने त्यास तीन सेकंद द्यावेत, तू त्यास तुझी संध्याकाळ दे; बाकीचे परमेश्वर पाहील.

या महोत्सवाच्या निमित्ताने आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक शाळेने मातृभाषेवरील दंड बंद करण्याचा निश्चय करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. परमेश्वर आपल्या मुलांची वाचा मोकळी करो.